मामा, दादा आणि मी: हिमोफिलियाच्या वाहक तपासणीचा अनुभव

माझ्या दादाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर आठ त्याच्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी. आईचा एक भाऊ लहानपणीच रक्तस्रावाने गेला, त्या काळी फॅक्टरची इंजेक्शनं मिळतच नव्हती. धाकटी बहीण आणि मी एकच वाक्य ऐकत मोठ्या झालो: तुम्हाला काही होत नाही, तुमच्या मुलांना होऊ शकतं. या वर्षी मी स्वतःची तपासणी करून घेतली, आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या बाबतीत खोटा निघाला. हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या बहिणी, मुली, मावश्या, भाच्या यांच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर पुढे काय काय येतं ते कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जानेवारीत आम्ही दोघांनी मुलाचा विचार सुरू केला आणि मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून संदर्भपत्र घेतलं. चिठ्ठीत नुसतं 'वाहक तपासणी' असं लिहून भागत नाही. (वाहक म्हणजे जिच्याकडे बिघडलेलं जनुक आहे आणि जिच्याकडून ते मुलांकडे जाऊ शकतं अशी स्त्री.) कोणत्या नातेवाईकाला, कोणत्या प्रकारचा, किती तीव्र हिमोफिलिया आहे हे त्यात स्पष्ट हवं. ए म्हणजे फॅक्टर आठची कमतरता, बी म्हणजे फॅक्टर नऊची. दोन्हींची जनुकं वेगळी, त्यामुळे तपासणीही वेगळी. हे लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी परत येते आणि रांगेत पुन्हा मागून उभं राहावं लागतं. मी दादाच्या जुन्या कार्डाची प्रत आधीच जोडली होती, तरी भेटीची वेळ मिळाली ती फेब्रुवारीच्या शेवटची.

ती पहिली भेट जनुकीय समुपदेशकांबरोबर होती. रक्तबिक्त काही घेतलं नाही. त्यांनी एक मोठा कागद पुढे ओढला आणि आमची वंशावळ काढायला घेतली. पुरुषांना चौकोन, स्त्रियांना वर्तुळ. आजार असेल तो चौकोन पूर्ण काळा करायचा, वाहक असेल त्या वर्तुळाच्या मध्ये एक ठिपका. मामाचा चौकोन काळा झाला, दादाचा झाला. मग त्यांनी मला न विचारताच आईच्या वर्तुळात ठिपका दिला. मी म्हटलं, "आईची तपासणी कधीच झालेली नाही." त्या म्हणाल्या, "गरज नाही. भाऊही बाधित आणि मुलगाही बाधित, म्हणजे मधली बाई वाहक असणारच." हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या मुलीचंही तसंच. तिला वडिलांचं एकुलतं एक एक्स गुणसूत्र मिळालेलं असतं, तेव्हा ती वाहक आहे का हा प्रश्नच उरत नाही.

इथे त्यांनी मूळ गोष्ट समजावली. फॅक्टर आठचं जनुक एक्स गुणसूत्रावर, अगदी त्याच्या टोकाजवळ असतं. स्त्रीकडे एक्सची जोडी असते. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय, आणि वायवर हे जनुक नाहीच. त्यामुळे पुरुषाच्या एकमेव एक्सवरचं जनुक बिघडलेलं असेल तर भरून काढायला दुसरं काही नसतं. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो आणि एक्स नेहमी आईकडून, म्हणून बापाचा हिमोफिलिया मुलाकडे जात नाही. तो जातो मुलींकडे, आणि त्यांच्यामार्फत नातवाकडे. आमच्या घरात मामाकडून भाच्याकडे आल्यासारखा दिसला, पण वाट आजी आणि आईतून होती. वाहक आईच्या बाबतीत प्रत्येक गरोदरपणात नव्याने नाणं उडतं: मुलगा असेल तर तो बाधित असण्याची शक्यता निम्मी, मुलगी असेल तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. आधीचं मूल कसं निघालं याचा पुढच्याशी संबंध नाही. "एकाला झालाय, आता दुसऱ्याला होणार नाही" हे मी नात्यातल्या लोकांकडून कितीदा ऐकलंय, आणि ते साफ चुकीचं आहे.

मावशीचा हिशोब मला विशेष आवडला. ती आजीची मुलगी, म्हणून सुरुवातीला शक्यता निम्मी. पण तिचे दोन्ही मुलगे निरोगी आहेत. ती वाहक असती तर दोन्ही मुलगे निरोगी निघण्याची शक्यता फक्त चारात एक, वाहक नसती तर दोघे निरोगीच असणार. दोन्ही बाजू तोलल्या की तिची वाहक असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर येते, आणि तिच्या मुलीची दहावर. शून्य मात्र होत नाही. निरोगी मुलगे झाले म्हणजे घराण्यातून आजार गेला असं समजून पुष्कळ कुटुंबं तिथेच थांबतात.

माझी आणि बहिणीची शक्यता पन्नास पन्नास. मला वाटलं, आता रक्त देऊन टाकू. पण समुपदेशकांनी विचारलं, "भावाचा जनुकीय अहवाल आहे का?" दादाच्या फाइलीत फॅक्टरच्या पातळीचे कागद चिक्कार होते, जनुकीय तपासणी मात्र कधी झालीच नव्हती. ही पायरी फार महत्त्वाची आहे. आधी बाधित माणसाच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे ते शोधायचं आणि मग बाकीच्यांमध्ये तेवढीच एक जागा तपासायची. तसं केलं तर उत्तर पक्कं मिळतं आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. पूर्ण जनुक तपासणं महाग असतं, आणि त्यात काही सापडलं नाही तर 'नाही' म्हणजे खरंच नाही की नजरेतून निसटलंय, ही शंका राहते.

दादाला फोन केला तेव्हा जरा अवघडले होते. त्याच्या आजाराविषयी आम्ही घरात बोलतो, पण "मला हे माझ्या मुलात येईल का ते बघायचंय" असं त्याला सांगायचं म्हणजे त्याच्या आयुष्यावर मत दिल्यासारखं वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "वेडे, माझं रक्त तुला नाही तर कोणाला देणार? फक्त सकाळची वेळ घे." मार्चमध्ये त्याने नमुना दिला. संमतीपत्राची पानं पुष्कळ होती. उरलेला नमुना ठेवायचा का, आणखी काही भलतंच सापडलं तर कळवायचं का, अहवाल कोणाला दाखवायचा, या प्रत्येकावर वेगळी सही. शेवटच्या रकान्यात त्याने माझं, बहिणीचं आणि मावशीच्या मुलीचं नाव लिहिलं. तो रकाना रिकामा ठेवू नका. नाहीतर प्रयोगशाळा बहिणीलासुद्धा अहवाल देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

विम्याच्या कागदांत एप्रिल गेला. जनुकीय तपासणी म्हटलं की 'आवश्यक नाही' असा शेरा येतो. समुपदेशकांनी अहवालाचा उपयोग कशासाठी आहे ते लिहून दिलं: शस्त्रक्रिया, बाळंतपण आणि नवजात बाळाची सुरक्षितता. मग दादाच्या तपासणीचा काही भाग मंजूर झाला. माझ्या कागदांवर लग्नाआधीचं आडनाव आणि ओळखपत्रावर नंतरचं, म्हणून माझा अर्ज एकदा परत आला. अशी तफावत असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा पुरावा पहिल्याच अर्जाला जोडा.

दादाचा अहवाल आला. इंट्रॉन बावीसचा उलटापालट (इंट्रॉन म्हणजे जनुकातला मधला, प्रथिनाची कृती नसलेला भाग). जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा फिरून बसलेला, त्यामुळे जनुकच दोन भागांत तुटलेलं. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांत हाच बदल सापडतो. तरीही जनुक वाचण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तो सहसा दिसत नाही, कारण अक्षरं सगळी जागच्या जागी असतात, फक्त तुकडा उलटा. तो वेगळ्या चाचणीने शोधावा लागतो. कोणाच्या अहवालात 'बदल आढळला नाही' असं असेल तर इंट्रॉन बावीस आणि इंट्रॉन एक यांचे उलटापालट तपासले होते का, हे जरूर विचारा.

समुपदेशकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकताना आई माझ्या शेजारी बसली होती. हा बदल पहिल्यांदा घडतो तो जवळजवळ नेहमी पुरुषाच्या शुक्रपेशी तयार होताना. स्त्रीच्या बीजपेशी तयार होताना दोन एक्स एकमेकांना लागून बसतात. पुरुषाच्या एक्सला तशी जोडी नसते, म्हणून तो स्वतःवरच दुमडायला मोकळा असतो. म्हणजे आमच्या घरातली सुरुवात बहुधा आजीच्या वडिलांत किंवा त्याही आधीच्या एखाद्या निरोगी पुरुषात झाली असणार. त्याला कधी काही झालं नाही, कोणाला काही कळलंही नाही. आईने दादाच्या प्रत्येक सुजलेल्या गुडघ्यापाशी "माझ्यामुळे झालं" म्हणत वर्षं काढली आहेत. आजीने मामा गेल्यावर काय काय ऐकून घेतलं असेल त्याची मला कल्पना आहे. आई त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ बोलली नाही, आणि रात्री तिने स्वतःहून मावशीला फोन लावून हे सगळं सांगितलं. मला दोष एका बाईवरून उचलून एका पुरुषावर ठेवायचा नाहीये. पेशी विभागताना अशा गोष्टी घडतात, त्या कोणी करत नाही. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश कुटुंबांत तर मागे कोणीच बाधित सापडत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यातही तिच्या आधी हा आजार कुठे दिसत नाही. तिच्या वंशजांचा हिमोफिलिया बी प्रकारचा होता, हे २००९मध्ये रशियन राजघराण्याच्या अवशेषांच्या तपासणीतून कळलं.

मे महिन्यात माझी पाळी आली. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे प्रश्न. जांभळ्या टोपणाची नळी डीएनएसाठी: मी वाहक आहे का? निळ्या टोपणाची फॅक्टरच्या पातळीसाठी: माझं स्वतःचं रक्त किती गोठतं? माझ्या या सगळ्या लिहिण्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. पातळी नॉर्मल आली म्हणून वाहक नाही असं ठरत नाही, आणि वाहक ठरलं तरी पातळी किती हे वेगळंच मोजावं लागतं.

निळी नळी नाजूक असते. तिच्यात आधीच सायट्रेटचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं, द्रावण असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण. माझा पहिला नमुना कमी भरला म्हणून बाद झाला. दुसऱ्या वेळी मी नळी भरताना खुणेकडेच बघत होते. हा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत तसाच पाठवू नये, रक्त काढल्यावर चारेक तासांच्या आत त्यावर काम व्हायला हवं. तपासणीच्या आधी पळापळ करू नका, थोडा वेळ शांत बसा. व्यायाम, ताण, ताप, हार्मोनच्या गोळ्या आणि गरोदरपण यांनी फॅक्टर आठ वर जातो आणि खरा आकडा लपतो. गोळ्या चालू असतील तर तसं सांगा. त्याच वेळी व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त गोठवण्यातलं दुसरं प्रथिनही मोजून घेतलं, कारण ते कमी असलं तरी फॅक्टर आठ कमी दिसतो.

त्याच भेटीत रक्तस्रावाचा इतिहास विचारला. दात काढल्यावर किती वेळ वाहिलं? पाळी किती दिवस? पॅड दोन तासांच्या आत बदलावं लागतं का? गाठी पडतात का, केवढ्या? मी एकेक उत्तर देत गेले आणि समोरच्या डॉक्टरांचं पेन थांबेना. माझी पाळी कॉलेजपासून आठ-नऊ दिवसांची. अक्कलदाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीही उशी लाल होती. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. भावाला हिमोफिलिया असल्याचं मी पूर्वी एका डॉक्टरांना सांगितलं होतं, तेव्हा "बायकांना तो होत नाही" असं उत्तर मिळालं होतं. त्यावर तेव्हा मी काय म्हणणार होते!

पातळी आधी आली: ३४ टक्के. साधारण पन्नास ते दीडशे टक्के नॉर्मल धरतात. जूनमध्ये पुन्हा मोजली, ३७. व्हॉन विलेब्रँड ठीक. जूनच्या अखेरीस डीएनएचा अहवाल आला, दादाचाच उलटापालट माझ्या एका एक्सवर. बहिणीत तो नव्हता. ती फोनवर रडली, आणि ते सुटकेचं रडणं नव्हतं. "तुला आहे आणि मला नाही" एवढंच म्हणत होती. या आजाराच्या घरात 'नाही' हा निकालही जड जातो, हे मी आधी ऐकलं नव्हतं.

आता गंमत अशी की आम्ही आईचीही पातळी मोजली, कारण तिची एक छोटी शस्त्रक्रिया ठरत होती. ती निघाली ७८. तोच बदल, तेच जनुक, आई ७८ आणि मी ३४. याचं कारण मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१मध्ये मांडलं होतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेला असतो. गर्भ अगदी लहान असताना कोणता बंद करायचा हे प्रत्येक पेशीत योगायोगाने ठरतं, आणि पुढे त्या पेशीतून निघणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात. काळे आणि नारिंगी ठिपके असलेली मांजर बहुतेक मादीच असते ती यामुळेच, रंगाचं एक जनुक एक्सवर असतं आणि अंगावर कुठे हा एक्स चालू तर कुठे तो. फॅक्टर आठ मुख्यतः यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बनवतात. आईच्या त्या पेशींत बहुधा चांगला एक्स जास्त ठिकाणी चालू राहिला, माझ्यात कमी. वाहक स्त्रियांची सरासरी निम्म्याच्या आसपास येते, पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना खूप लांबपर्यंत बायका असतात. साधारण तीनपैकी एकीची पातळी चाळीसच्या खाली असते. मग 'स्त्रिया फक्त वाहतात आणि पुरुषांना होतो' हे कसं खरं म्हणायचं?

२०२१मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने वर्गवारी बदलली. पाच ते चाळीस टक्क्यांमध्ये पातळी असेल तर त्या स्त्रीला, पुरुषासारखंच, सौम्य हिमोफिलिया म्हणायचं. पातळी चाळीसच्या वर असूनही रक्तस्राव होत असेल तर लक्षणं असलेली वाहक. माझी नोंद उपचार केंद्रात 'सौम्य हिमोफिलिया ए' अशी झाली. याचा उपयोग कागदोपत्री खूप आहे. आणीबाणीचं कार्ड मिळतं, शस्त्रक्रियेआधी योजना लिहून मिळते, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर सुरुवातीपासून पटवून द्यावं लागत नाही. तुमच्या केंद्रात अजून नुसतं 'वाहक' लिहीत असतील तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

जुलैमध्ये डेस्मोप्रेसिनची चाचणी झाली. हे औषध शरीरात साठवलेला फॅक्टर आठ रक्तात सोडायला लावतं, पण कोणाला किती लागू पडतं ते आधी बघावं लागतं. औषध दिलं, चेहरा लालबुंद झाला, डोकं थोडं जड. एका तासाने आणि चार तासांनी रक्त घेतलं. माझी पातळी नव्वदच्या वर गेली. म्हणजे दात काढणं किंवा छोटी शस्त्रक्रिया यासाठी बहुधा मला फॅक्टरचं इंजेक्शन लागणार नाही. त्या दिवशी पाणी मोजून प्यायचं असतं, कारण औषध शरीरात पाणी धरून ठेवतं. पाळीसाठी ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध सुरू केलं. पुढचे दोन महिने पाळी पाच दिवसांत आटोपली. इतकी वर्षं मी जे सोसलं ते सोसायची गरजच नव्हती, या विचाराने मला राग आला, आणि अजून येतो.

मुलाचं अजून ठरलेलं नाही. पर्याय सगळे नीट समजावले गेले: गर्भारपणात वारेची किंवा गर्भजलाची तपासणी, गर्भाशयात ठेवण्याआधी भ्रूणाची तपासणी, किंवा काहीच न तपासता सावध बाळंतपण. सावध म्हणजे शेवटच्या तिमाहीत माझी पातळी पुन्हा मोजायची, बाळ ओढून काढायला व्हॅक्यूम आणि चिमटे टाळायचे, नाळेतलं रक्त तपासायचं, आणि तो अहवाल येईपर्यंत मुलाला स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो, फॅक्टर नऊ तसा वाढत नाही. बाळंतपणानंतर तो पुन्हा उतरतो, म्हणून पहिले काही आठवडे रक्तस्रावावर लक्ष हवं. घाई करा असं कोणी म्हटलं नाही, करू नका असंही नाही. दादा आता एमिसिझुमॅब हे रक्तस्राव टाळणारं इंजेक्शन घेतो, कातडीखाली, आठवड्यांच्या अंतराने. गेल्या वर्षी तो आमच्याबरोबर डोंगर चढला. मामाच्या वेळचा हिमोफिलिया आणि आजचा यांत केवढा फरक पडलाय, ते आमच्या निर्णयात धरायचं असं आम्ही ठरवलंय.

मावशीच्या मुलीने आता वेळ घेतली आहे. आधी मावशीचाच नमुना जाईल. तिच्यात बदल नसेल तर मुलीला डीएनए तपासणीची गरज उरणार नाही. दादाच्या अहवालाची प्रत आणि त्याच्या संमतीचं पान मी तिला पाठवलंय. मावशीची निळी नळी मात्र तरीही भरायला सांगितली आहे, तिलाही पाळीत नेहमी त्रास व्हायचा.